जानेवारीत मोजलेलं गाव : जिल्हा आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी
आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या गावची आशा स्वयंसेविकेची जागा यापुढे भरली जाणार नाही, गाव शेजारच्या आशाताईंना जोडलं जाईल, असं आपल्याकडून तोंडी कळवण्यात आलं. कारण लोकसंख्येचं. पाहणी झाली, माणसं मोजली, ती हजार भरत नाहीत. ही पाहणी जानेवारीत झाली. बालाघाटच्या डोंगरातल्या ऊसतोड गावात जानेवारीत म्हातारी माणसं असतात, शाळेतली पोरं असतात आणि दारांना कुलपं असतात. मतदार यादीत, रेशनच्या नोंदीत हेच गाव हजाराच्या वर आहे. कुलपाआडची माणसं तेव्हा सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतल्या आणि पार कर्नाटकातल्या फडांवर ऊस तोडत होती. त्यांना कोणी मोजलं नाही.

ही जागा माझ्या आजीच्या जाण्याने रिकामी झाली. २००८ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ती या गावची आशा होती. अर्ज आम्ही रीतसर दिले, त्यांची पोहोच आहे, उत्तर नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. आमच्यासारखी गावं या डोंगरपट्ट्यात खूप आहेत, आणि प्रत्येक आशेच्या मागे कागद घेऊन फिरणारी नात असेलच असं नाही.

आजी १९६६ ची. आठवी पास. तिच्या पिढीतल्या आमच्या गावच्या बाईसाठी ते शिक्षण पुष्कळ होतं. लग्नानंतर आजोबांच्या बरोबरीने तिनेही कोयता धरला. आजोबा गेल्यावर ती गावात राहिली आणि माझे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाऊ लागले. दरवर्षी दसरा झाला की उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी ट्रकमध्ये चढायची आणि आमच्या घरात पोरं जमायची. मी तर तिची नातच होते. पण ज्यांना सांभाळायला कोणी नव्हतं अशी शेजारपाजारची लेकरंही रात्री आमच्याच ओसरीवर झोपायची. त्यांची शाळा चुकू नये म्हणून ती सकाळी एकेकाला उठवायची. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली देशभर सुरू झाली. आशा हे पद येण्याच्या कितीतरी आधीपासून ती त्या मोहिमेसाठी वाडीवस्तीवरची पोरं गोळा करून आणायची, असं गावातली जुनी माणसं अजून सांगतात. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, पुढे आमच्याकडे आशा नेमायची वेळ आली, तेव्हा ग्रामसभेत दुसरं नाव पुढे आलंच नाही.

आपण नेहमी म्हणता की आशा हा आरोग्य यंत्रणेचा कणा आहे. मग तो काय काय पेलत होता हेही ऐका.

आपण दिलेली रजिस्टरं तिच्याकडे होतीच. मी आठवीत गेल्यापासून ती बऱ्याचदा मीच भरायचे, आणि मोबाईलवर माहिती भरायची वेळ आली तेव्हा तेही काम माझ्याकडे आलं. पण त्याखेरीज तिची स्वतःची एक लांबट वही होती. टोळ्या निघायच्या आधीच्या पंधरवड्यात ती घरोघर जाऊन त्या वहीत लिहायची. कोण जाणार, पोटुशी असेल तर कितवा महिना, कितवी खेप, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन किती, अंगावरचं लेकरू असेल तर कोणता डोस राहिलाय. शेजारच्या रकान्यात टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव आणि फोन, कारखाना, आणि फडाजवळचं सरकारी आरोग्य केंद्र. हा शेवटचा रकाना भरायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण फड कुठे पडणार हे बायकांना माहीतच नसतं, आणि मुकादम नीट सांगत नाहीत. मग ती मागच्या वर्षी तिकडे जाऊन आलेल्यांना विचारायची. एक नोंद जशीच्या तशी देते, नाव गाळून: "पहिलटकरीण. सातवा लागला. रक्त ८. चिकोडीकडं. लाल गोळ्या दोन म्हैन्याच्या दिल्या. सासूला सांगितलं. दर रईवारी फोन."

दर रविवारी ती खरोखर फोन करायची. रिचार्ज स्वतःच्या पैशांनी.

एकदा अशाच रविवारच्या फोनवर एका बाईने पाय सुजल्याचं आणि डोकं ठणकत असल्याचं सांगितलं. आजीने लगेच मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, दवाखान्यात नेलं तर दिवसाचा खाडा (गैरहजेरीचा दंड) धरावा लागेल, उचल फिटायची आहे. आजी चिडून बोलणारी बाई नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मुकादम, बाईच ऱ्हायली न्हाई तर तुमचा कोयता कोन धरील? गाडी काढा. म्या फोन धरून बसते." तिने तिकडच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा नंबर शोधून काढला, त्यांना सगळं सांगितलं. बाईचं बीपी फार वाढलं होतं. तिला तालुक्याला हलवलं, तिथे बाळंतपण झालं, मुलगी झाली. आज ती मुलगी आमच्या गावच्या शाळेत जाते.

त्या बाळंतपणाचा आजीला एक रुपया मोबदला मिळाला नाही, आणि तक्रारीचा पहिला मुद्दा इथेच येतो.

आशेला पगार नाही. महिन्याची ठराविक रक्कम आणि बाकी कामागणिक मोबदला. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात गरोदरपणाची काळजी आणि दवाखान्यातलं बाळंतपण मिळून ६०० रुपये. नवजात बाळाच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्या सगळ्या झाल्या की २५० रुपये. पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये. हे सगळे दर बाई गावातच राहणार असं धरून ठरलेले आहेत. आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी बाळंत झालेली बाई तीन आठवड्यांचं लेकरू घेऊन ट्रकमध्ये बसते. पहिल्या तीन-चार भेटी होतात, पुढच्या होत नाहीत, आणि बेचाळिसावा दिवस फडावर उगवतो. २५० रुपये नाहीत. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाचा सहाव्या आठवड्याचा डोस गावात होतो, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचा तिकडे. मिळाला तर मिळाला. १०० रुपयांचा हिशेबही तिथेच अडतो. जी आशा स्थलांतर करणाऱ्या बाईसाठी सर्वांत जास्त धडपडते तिच्या हातात सर्वांत कमी पडतं. हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही हे मला कळतं. पण तालुक्याच्या बैठकांमध्ये आजीच्या गावाचं काम "कमी" दिसतं म्हणून तिला उभं करून विचारलं जायचं, तेव्हा हे सांगणारं तिच्या बाजूने कोणी नव्हतं. घरी आल्यावर ती रजिस्टर माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "बघ गं, कुठं लिव्हायचं ऱ्हायलं का?" लिहायचं काही राहिलेलं नसायचं. तिने केलेल्या कामाला त्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

नवजात बाळाच्या घरभेटीची पद्धत ज्या गडचिरोलीतून देशभर गेली, तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ती उभी केली. आमच्यापासून फार लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं आणि जगाने ते येऊन पाहिलं. गावच्या बाईवर टाकलेला विश्वास फुकट जात नाही, हे याच महाराष्ट्राने आधी दाखवून दिलं. आजी थंडीच्या दिवसांत बाळाला वजनाच्या झोळीत घालण्याआधी स्वतःचे हात चुलीपाशी धरायची, मग झोळीचं कापडही शेकून घ्यायची, आणि मगच काटा वर उचलायची. काट्यावरचा आकडा ती बाळाच्या आजीला वाचायला लावायची. वाचता येत नसेल तर काटा हिरव्या पट्ट्यात आहे का लाल, ते विचारायची. आपल्या नातवंडाचं वजन आपण पाहिलंय म्हटल्यावर म्हातारी बाळाला लवकर न्हाऊ घालायचा हट्ट सोडते, असं तिचं म्हणणं होतं. मी आता नर्सिंग शिकते आहे. वर्गात ज्याला समुपदेशन म्हणतात ते मी आधी तिच्याकडे पाहिलं होतं.

दुसरा मुद्दा पिशवीचा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून बीड जिल्ह्याचं नाव २०१९ मध्ये देशभर गाजलं आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, सारखं अंगावरून जातं, पोट दुखतं, म्हणून तिशीतल्या बाया पिशवी काढून येत होत्या. आमच्या गावातही झालं. समिती यायच्या कितीतरी आधीपासून आजी बायकांना म्हणायची, "कापायचं मागून बघू, आदी मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखव." एका बाईला खासगी दवाखान्यात पिशवी काढावीच लागेल असं सांगितलं होतं, उसने पैसेही घेऊन झाले होते. आजी तिच्याबरोबर एसटीने जिल्ह्याला गेली, दिवसभर रांगेत बसली. तपासणीत संसर्ग निघाला, गोळ्यांनी बरा झाला. अशा कामाला मोबदल्याच्या यादीत कलम नाही, आणि एसटीचं तिकीटही कोणी देत नाही. गावात आशाच नसेल तर पुढच्या बाईबरोबर कोण जाईल? शेजारच्या आशाताईंना स्वतःचं गाव आहे. मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस उतरू देत नाही. आणि रात्री कळा सुरू झाल्या तर त्या इथवर येणार कशा?

कोविडचं मी थोडक्यात सांगते, कारण त्या काळाबद्दल बोलून झालं आहे, टाळ्याही वाजवून झाल्या आहेत. टाळेबंदीत आमची माणसं कारखान्यांवर अडकली होती. एप्रिल २०२० मध्ये शासनाने परतायची परवानगी दिल्यावर टोळ्या आल्या आणि गावाने त्यांना शिवाराबाहेरच थांबवलं. आजी रोज शेतातल्या त्या खोपटांपर्यंत चालत जायची, ताप बघायची, बाळंतिणीला काय हवं-नको विचारायची. सुरुवातीला तिच्या तोंडाला साडीचा पदर होता. गावातली काही घरं त्या दिवसांत आमच्याकडे यायची बंद झाली. त्याचं तिला वाईट वाटलं, पण तिने त्या घरांची भेट चुकवली नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याबद्दल कार्यक्रम झाला, भाषणं झाली, तिला गुलाबाचं फूल मिळालं. ती खूश होती, मी तो आनंद कमी लेखणार नाही.

तिसरा मुद्दा तिच्या नंतरचा. आजीला मेंदूत रक्तस्राव झाला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-साखरेचा फॉर्म गावभर भरून घेणाऱ्या बाईची स्वतःची तपासणी नियमित व्हावी, अशी सोय कुणी केली नव्हती. ती गेल्यावर आम्ही विचारायला गेलो की आशेच्या मृत्यूनंतर कुटुंबाला काही मिळतं का. तेव्हा एकेक दार कसं बंद होत गेलं ते पाहा. २०१८ मध्ये आशांना जीवनज्योती विम्यात घ्यायचं ठरलं, त्यात शिरायची वयोमर्यादा ५०. आजी तेव्हा ५२ ची. २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन पेन्शन आली, ती ४० वर्षांपर्यंतच्यांना. जुलै २०२४ मध्ये राज्याने आशेच्या मृत्यूवर १० लाख रुपयांचा निर्णय घेतला. त्याचं आम्ही मनापासून स्वागत करतो, पण तो अपघाती मृत्यूसाठी आहे. दहा वर्षं सेवा करून बाहेर पडणाऱ्या आशेला केंद्राकडून २०,००० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये ५०,००० झाले. पण काम करता करताच जी गेली तिचं काय? हे आम्हाला कोणी लेखी सांगायला तयार नाही. तिच्या शेवटच्या महिन्यांचा मोबदलाही अजून अडकलेला आहे. खातं तिच्या नावावर, वारसाचा दाखला आणा. दाखला आणला तर, अशा देयकाला खर्चाचं शीर्षच नाही. सोळा वर्षं जिच्या सहीशिवाय गावची एक नोंद पुढे गेली नाही, तिचं नाव आता एकाही कागदात बसत नाही.

२०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि पेन्शन द्यावी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या बायकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. आशा अजून बाहेरच आहेत. हे जिल्हा पातळीवर सुटणार नाही, मी जाणते. म्हणून आपल्याकडे मी तेवढंच मागते आहे जे आपल्या हातात आहे.

पहिली मागणी, गाव पुन्हा मोजा. मे ते सप्टेंबरच्या दरम्यान मोजा, माणसं घरी असताना. ग्रामसभेचंच बघा ना, २६ जानेवारीच्या सभेला गणपूर्ती होत नाही आणि १ मेच्या सभेला चावडीत जागा पुरत नाही. हजाराचा निकष आम्हाला मान्य आहे. पण त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये डोंगरी आणि आदिवासी भागात वस्तीगणिक एक आशा देण्याची मुभाही आहे. ती आमच्या डोंगराला लागू होते का, हे आधी तपासा आणि मग जागा रद्द करा.

दुसरी मागणी म्हणजे, टोळ्या निघण्याआधी जाणाऱ्या गरोदर बायका आणि लहान मुलांची यादी करणं, ती कारखान्याकडच्या आरोग्य केंद्राला पोचवणं आणि हंगामभर फोनवर माग ठेवणं, हे आशेचं अधिकृत काम धरा आणि त्याचा मोबदला ठरवा. ज्या जिल्ह्यात कारखाना आहे तिथे झालेलं बाळंतपण आणि लसीकरण मूळ गावच्या आशेच्या खात्यात धरलं जाईल अशी नोंद ठेवा. पैशांसाठी ऊसतोड कामगारांच्या नावाने राज्याने स्थापन केलेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाकडे प्रस्ताव पाठवा. नमुना हवा असेल तर आजीच्या वहीची छायाप्रत सोबत जोडली आहे. बायकांची नावं झाकली आहेत, रकाने सगळे उघडे आहेत.

तिसरी, तिचा अडकलेला मोबदला वारसांना द्या आणि सेवेत असताना मृत्यू आलेल्या आशेच्या कुटुंबाला काय मिळतं, काय मिळत नाही, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लेखी लावा. नाही मिळत असेल तर तसंही लिहा, म्हणजे मागणी कुठे करायची ते आम्हाला कळेल.

चौथी, जिल्ह्यातल्या सगळ्या आशांची वर्षातून एकदा तपासणी करा. त्याला वेगळा निधी लागणार नाही. मासिक बैठकीला त्या येतातच, त्या दिवशी बीपी मोजायचं यंत्र आणि ग्लुकोमीटर टेबलावर ठेवले तरी पुरे.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शेजारच्या आशाताईंबद्दल आमची काही तक्रार नाही. आजी गेल्यापासून त्याच जमेल तसं इकडे येतात, आणि आपल्या गावाचं काम मागे पडतं म्हणून बोलणीही खातात. त्यांच्यावर दुसरं गाव टाकून आपण दोन्ही गावांचं नुकसान करता आहात.

१ मेच्या ग्रामसभेचा ठराव, मतदार यादीचा गोषवारा आणि आधीच्या अर्जांच्या पोहोचपावत्या सोबत आहेत. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. गावात आजही गरोदर बायका आहेत, त्यातल्या काहींची उचल घेऊन झाली आहे, म्हणजे त्या जाणारच. त्या निघायच्या आत नव्या आशेची निवड व्हावी आणि तिला निदान एक पंधरवडा घरोघर फिरायला मिळावा, एवढा वेळ अजून हातात आहे. आपलं लेखी उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर दसऱ्याआधी यावं, ही विनंती.

आपली,
ऊसतोड कामगारांची मुलगी आणि एका आशा स्वयंसेविकेची नात